आतल्या टोकाचा पोपटी धागा

अक्काताईला, माझ्या गल्लीतल्या जुन्या मैतरणीला, मी बरोबर मंजूच्या पाठीमागच्या सीटवर बसवली आणि मी आपली सगळ्यात मागं जाऊन, नाकापर्यंत पदर ओढून बसले. मंजू म्हणजे मंजुश्री, माझी नात. मी बसमधी हाय हे तिला कळलं असतं तर आठवडाभराची तयारी मातीत गेली असती.

बस वडगावातनं उद्यमबागेकडं निघाली. बायकांना तिकीट माफ झाल्यापासनं आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना डाव टाकायला जागा लई झाली. सकाळची गर्दी होती, कारखान्याला जाणारी पोरं डबे छातीशी धरून उभी होती. अक्काताईनं शेजारच्या अनोळखी बाईकडं तोंड वळवलं आणि सुरू केलं. मंजूनं मान जराशी तिरकी केली. म्हणलं, लागली गळाला.

इंजिनाचा आवाज एवढा की मला शब्द एकबी ऐकू येत नव्हता. पण मला ऐकू यायची गरजच न्हाय. सगळी हयात मागाच्या घरात काढलेली बाई मी. दोन माग एका खोलीत चालत असले की कानाशी येऊन ओरडलं तरी पत्ता लागत न्हाय. तिथं तोंड बघून बोलणं कळून घ्यायचं असतं. ओठ मोठे हलवायचे, आवाज काढला काय, न काढला काय, सारखंच. आम्हा विणकरांच्या घरात लहान पोरालासुद्धा हे येतं. तर मी अक्काताईच्या तोंडाकडं बघत बसले. पयलं सगळं शिकवल्यासारखं बोलली. मग मधीच तिनं मी न शिकवलेलं काहीतरी घातलं. ओठ मिटले, गोल झाले, परत मिटले. पोपटी.

हा पोपटी कुठनं आला मधी?

आता हा खटाटोप कशापायी केला ते आधी सांगते, न्हायतर तुम्हीबी माझ्यासारखेच गोंधळून बसाल.

मंजू उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या हापिसात कामाला. आलेला फोन घ्यायचा, गेटवर आलेल्या माणसाला बसा म्हणायचं. तिला गोष्टी लिवायचं वेड. पावसाळ्यात वाचनालयात कुणी एक सर आले होते, त्यांनी पोरांना सांगितलं की गोष्ट काय आभाळातनं पडत न्हाय, तिला सवय लावायला लागते. झालं. आमच्या घरातलं रोजचं सगळं त्या दिवसापासनं उलटंपालटं झालं. पहाटे उठून ही तीन पानं लिवायची, काय वाटंल ते, न थांबता. मग मोबाईल घरात ठेवून येळ्ळूरच्या रस्त्यानं चालून यायची. मोबाईल घरात वाजायचा, आणि तिची मैतरीण मला विचारायची मंजू कुठं हाय, मी सांगायची ती आता बिनमोबाईलची झालीया. संध्याकाळी एखादी वस्तू पुढं ठेवून नुसती बघत बसायची. एक दिवस ती नळाच्या चावीकडं एवढा वेळ बघत उभी राहिली की पलीकडची मंगल मला हळूच म्हणाली, "बायाक्का, पोरीला कुणाला तरी दाखवा." मी सांगितलं, महानगरपालिकेनं तिला नळांवर लक्ष ठेवायला नेमलीया. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या तीन बाया आमच्याकडं पाण्याची तक्रार घेऊन आल्या.

आणि बसमधी कानात काही न घालता लोकांचं बोलणं ऐकायचं, ही एक सवय. मला ती लई आवडली. पण घरातल्या घरात मी दिवसभर बोलत असते, ते काय तिच्या कानात जाईना.

एकदा मी तिला म्हणलं, अगं, माझ्या म्हैशीची गोष्ट लिव की. माझं माहेर कोगनोळी, जिथं हायवेवर दोन राज्यांचा नाका हाय तिथलं. आमची म्हैस हद्दीवर बांधलेली असायची. तोंड महाराष्ट्रात, शेपूट कर्नाटकात. वैरण तिकडची, दूध इकडचं. एक दिवस साहेब आला आणि म्हणला, शेण कुठल्या राज्याचं ते आधी ठरवा, तंवर कुणी गोवऱ्या लावायच्या न्हायत. आता ह्यात खोटं काय हाय? म्हैस होती, हद्द होती. साहेबाचं तेवढं मी घातलं.

"आज्जी, तुझं सगळं खोटं असतंय गं," मंजू म्हणाली. "सर म्हणालेत, जगलेलं लिवा."

"मग मी काय न जगता हितवर आले व्हय?"

ती हसली न्हाय. आधी हसायची. पहाटेची पानं वाढत चालली होती आणि ही दिवसेंदिवस बारीक होत चालली होती. शेवटी एका रात्री जेवताना तिनं सांगितलं, की बेळगुंदीच्या साहित्य संमेलनात नवीन पोरांनी गोष्टी वाचायच्या हायत, तिनं नाव दिलंय, आणि तिच्याकडं वाचायला काही न्हाय. ह्या खेपेला झालं न्हाय तर ती हे सगळं सोडून देणार. तिचा बा, म्हणजे माझा लेक भरमू, म्हणाला, सोड की मग, कुणी बांधून घातलंय. मंजू ताटावरनं उठली. मी मागनं गेले तर मोरीपाशी उभी होती.

"माझं बोललेलं कुणाला ऐकूच जात न्हाय, आज्जी," ती म्हणाली. "हापिसात न्हाय. घरात न्हाय. कागदावर लिवलं तर माझं मलाच ऐकू येत न्हाय."

हे ऐकलं आणि मी ओळखलं. कारण हे दुखणं माझं. मी जलमभर तेच भोगलंय.

माझ्या मालकांचं नाव सिद्राम. आता नाव घेते, ऐकायला ते न्हायत. आमच्या पुढच्या खोलीत, आता जिथं फरशी आणि टीव्ही हाय तिथं, दोन माग होते. हे मागाशी उभे, आणि मी भिंतीकडंला चरख्यावर कांड्या भरायला. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची नळी. धोटा डावीकडनं उजवीकडं, उजवीकडनं डावीकडं पळत राहतो आणि त्या नळीतलं सूत लुगड्यात जात राहतं. कांडी भरायला हात लागतात, तोंड मोकळं. मोकळं तोंड मला सोसत न्हाय. मी बोलत राहायची. म्हैस, साहेब, शहापुरातल्या दोन तोंडाच्या कोंबड्याची गोष्ट, नणंदेच्या लग्नात पळून गेलेला बँड, सगळं सगळं ह्यांना सांगायची. आणि हे कापडाकडं बघत उभे. खटक, खटक, खटक. जेवायला माग बंद झाला की मी विचारायची, ऐकलंसा का?

"व्हय," म्हणायचे.

"काय ऐकलंसा?"

"माग."

एवढं म्हणून भाकरी मोडायचे. एकदाच, मी म्हैशीची गोष्ट सांगत होते तेव्हा, ते मागाशी उभ्या उभ्या हसलेले मी बघितलं. म्हणलं, बाहेर कुत्रंबित्रं दिसलं असंल. माणूस वाईट नव्हता. हात उचलला न्हाय, शिवी दिली न्हाय, दारू न्हाय. नुसता गप्प. मला कायम वाटायचं, माझं एवढं बोललेलं जातंय कुठं? भिंतीत मुरतंय का सुतात अडकतंय? ते गेले, माग मोडीत गेले, खोली शांत झाली. आता बोललेलं सगळ्यांना ऐकू येतं, म्हणून कुणी ऐकत न्हाय.

तर मोरीपाशी उभ्या राहिलेल्या पोरीकडं बघून मी मनात म्हणलं, हिला गोष्ट मिळायलाच पाहिजे. आणि माझ्या तोंडनं ती घेणार न्हाय. मग दुसऱ्याच्या तोंडनं देऊ.

अक्काताईला मी घरी बोलावून गोष्ट पाठ करून घेतली. गोष्ट अशी. वडगावात एक विणकर होता, मुका न्हाय पण मुक्यासारखा. त्याची बायको लई बोलायची. मागाच्या आवाजात त्याला काही ऐकू जायचं न्हाय, तेव्हा तिचं सगळं बोलणं जाऊन सुतात अडकायचं आणि लुगड्यात विणलं जायचं. ते लुगडं घडी घालून पेटीत ठेवलं की आतनं बारीक कुजबुज यायची. निपाणीकडच्या एका घरात सासू-सून बोलत नव्हत्या, त्यांच्या पेटीत हे लुगडं गेलं. सासू म्हणाली तू कुजबुजतीस, सून म्हणाली तुम्ही कुजबुजताय, आणि भांडता भांडता दोघी परत बोलायला लागल्या. संपली.

पोपटी कुठं हाय ह्यात? कुठंच न्हाय.

उद्यमबागेत मंजू उतरली. मी धावत पुढं गेले आणि अक्काताईला धरलं. म्हणलं, हे काय घातलंस मधीच? तिनं सांगितलं, की नुसतं लुगडं बोलतंय म्हणलं तर शेजारची बाई हसायला लागली, तेव्हा तिनं खूण सांगितली. जे लुगडं बोलतं त्याच्या आतल्या टोकाला, म्हणजे नेसताना कमरेला खोचतात त्या टोकाला, एक आडवा पोपटी धागा असतो. सगळं लुगडं जांभळं आणि एक धागा पोपटी.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगतंय कोण? माझ्याच लुगड्यात हुता की. तुमच्याच घरनं घेतलेलं. सिद्रामआण्णांनी विणलेलं."

"दाखव."

"आता कुठलं दाखवू? त्याची वाकळ झाली, वाकळ बी फाटली."

मी मनात म्हणलं, बघा, गुरूची विद्या गुरूला. थाप मारायला मी शिकवली आणि आता माझ्यावरच मारतीया. पण मारताना तिचा चेहरा थाप मारणाऱ्याचा नव्हता. माझ्या तो चेहरा ओळखीचा हाय, रोज आरशात बघते.

त्या दिवशी संध्याकाळी मंजूनं वस्तू पुढं ठेवली न्हाय का काही न्हाय. आल्या आल्या लिवायला बसली. चहा निवला. भरमूनं टीव्ही लावला तर हिनं उठून स्वतः बंद केला. मला गुदगुल्या होत होत्या. दुसऱ्या दिवशीपासनं तिचं चालणं येळ्ळूरच्या रस्त्याला न्हाय, गल्लीत सुरू झालं. दारोदार जाऊन विचारायची, तुमच्याकडं जुनं वडगावचं लुगडं हाय का, त्याच्या आतल्या टोकाला वेगळा धागा हाय का. बायांना काय, काम सोडायला कारण पाहिजे. सगळ्यांनी पेट्या उघडल्या. डांबरगोळ्यांच्या वासानं गल्ली भरली.

आणि इथनं माझं डोकं फिरायला लागलं. मंगल म्हणाली, आमच्यात हाय, पोपटी न्हाय, केशरी हाय, पण टोक तेच, खोचायचं. कोपऱ्यावरची राणी म्हणाली, आमच्या पेटीतनं आवाज येतो हे तिच्या सासूनं मरताना सांगितलं होतं. एकीनं तर सांगितलं, आमचं लुगडं कन्नडमधी बोलतं, ते बी धारवाडकडचं, लई गोड. मी ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. माझी थाप माझ्याच दारावरनं चालली होती, आणि मला ओळख दाखवत नव्हती.

कुजबुज मी रचली होती, एवढं नक्की. का तेबी मी कुठंतरी ऐकलं होतं? माझ्या आजीनं सांगितलं होतं का? मी मंगलच्या घरी जाऊन तो केशरी धागा बघायचं ठरवलं होतं, पण गेले न्हाय. बघितला आणि खरंच असला, तर मग काय करायचं? खोट्याचं मला सांभाळता येतं. खऱ्याची मला सवय न्हाय.

संमेलनाच्या दिवशी मी, मंजू आणि अक्काताई बेळगुंदीला गेलो. भात कापून झालेलं होतं, शेतं मोकळी पडलेली, बांधावर रताळ्याची पोती. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पुढं खुर्च्यांवर पुरुष, आणि मागं सतरंजीवर गावच्या बाया, पोरं घेऊन. मला पुढं बसायला सांगत होते, पण मी मागं बायांत बसले. गंमत मागंच असते.

मंजूचं नाव घेतलं. ती कागद हातात धरून उभी राहिली. दोन ओळी वाचल्या असतील नसतील, करंट गेला. माईक मेला. ती वाचत राहिली, आणि आम्हाला नुसते ओठ हललेले दिसायला लागले, तेबी बारीक, चिमणीनं दाणा टिपल्यासारखे. मागनं बाया म्हणायला लागल्या, आवाज येईना. पुढच्या खुर्चीतला एक जण घड्याळ बघायला लागला. मंजू थांबली. मला तिचा चेहरा दिसला. मोरीपाशी होता तोच चेहरा. आता ही कागद घडी घालणार, नमस्कार करणार आणि उतरणार, आणि पुन्हा कधी लिवणार न्हाय, हे मला लख्ख दिसलं.

मी उठून उभी राहिले. ओरडले न्हाय. ओरडून पोचण्यासारखं नव्हतंच. मी पदर तोंडावरनं काढला आणि मागाच्या घरात बोलायचो तसं, नुसत्या ओठांनी, मोठं तोंड करून तिला म्हणलं, हळू. तोंड उघड. माझ्याकडं बघून सांग.

तिला कळलं. माग बंद पडले तेव्हा ती लहान होती, पण कळलं. तिनं कागद खाली घेतला आणि माझ्याकडं बघत सांगायला लागली. प्रत्येक शब्द ओठांवर पूर्ण होईपर्यंत पुढचा घेतला न्हाय. आवाज मोठा नव्हता, पण बाया गप्प झाल्या, कारण ऐकायचं तर आता बघावं लागत होतं. कुजबुजीपाशी आली तेव्हा माझ्या शेजारच्या बाईनं रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवला. सासू-सुनेच्या भांडणाला सगळ्या हसल्या. आणि पोपटी धाग्यापाशी आली तेव्हा बायांतच जरा पुढं बसलेली एक म्हातारी गर्रकन मागं वळली, कुणाला तरी शोधल्यासारखी, आणि मग परत मंजूकडं बघत राहिली.

टाळ्याबिळ्या झाल्या, चहा आला. मंजूभोवती पोरी जमल्या. ती म्हातारी मात्र अक्काताईला विचारत विचारत माझ्याकडं आली. गुणाबाई म्हणून, बेळगुंदीचीच, शेतातली बाई, उन्हानं भाजलेली. लुगडं जुनं, धुऊन धुऊन जांभळ्याचं वांग्याच्या सालीसारखं झालेलं.

"गोष्टीतलं ते विणकराचं घर तुमचं व्हय?" तिनं विचारलं.

मी जीभ चावली. म्हणलं, गोष्ट हाय ती, बाई. गोष्टीत कुणाचं घर नसतं.

तिनं ऐकून घेतलं न्हाय. मला मांडवाच्या मागं, जिथं बायाच होत्या तिथं नेलं, कमरेत हात घातला आणि खोचलेलं टोक बाहेर ओढलं. टोकापासनं चार बोटांवर, जांभळ्यात एक आडवी रेघ. पोपटी. नव्यासारखी पोपटी, कारण ऊन बघितलंच नव्हतं तिनं कधी.

"पोराच्या बारशाला शहापुरातनं घेतलेलं," गुणाबाई सांगत होती. "मी बघितलं बी नव्हतं. सासूनं दाखवलं. म्हणली, परत देऊ नगं, विणणाऱ्यानं खूण ठेवलीया. चांगलं हाय म्हणून सणालाच नेसतो. आज संमेलन म्हणून नेसलो. पण बोलत न्हाय हां ते. मी कान लावून बघितलाय."

अक्काताई माझ्या कानाशी म्हणाली, "आता? मी थाप मारली व्हय?"

मी ते टोक हातात घेतलं आणि बोटानं चाचपलं. जांभळं संपून पोपटी जिथं सुरू होतं तिथं बारीक गाठ होती, एक शेपूट आखूड, एक लांब. माझी गाठ. बाकीच्या बाया गाठ मारून जादाचं सूत नखानं तोडतात, मी दातानं तोडायची, कारण बोलत असायची आणि दात जवळ असायचे. म्हणून एक शेपूट लांब राहायचं. सासू ह्यावरनं बोल लावायची.

मग मला एकेक उलगडत गेलं, आणि जेवढं उलगडलं तेवढं जास्तच गुंतलं. कांडी भरताना सूत संपलं की दुसऱ्या गुंडीचं, म्हणजे सुताच्या लडीचं, टोक जोडायचं. मी गोष्टीच्या नादात जांभळ्याला शेजारच्या गुंडीचं पोपटी जोडलं असणार. थोडं गुंडाळल्यावर ध्यानात आलं असंल, तोडून परत जांभळं लावलं असंल, आणि ते पोपटी जांभळ्याखाली तसंच झाकून गेलं असंल. एकदा न्हाय, असं कितीदा तरी झालं असंल. केशरी, पोपटी, जे हाताला लागलं ते. मी काय कांडी बघत होते? मी गोष्ट बघत होते.

पण चुकीची कांडी धोट्यात गेली तर धागा कुठंबी यायला पाहिजे. मधी यायला पाहिजे, पदरात यायला पाहिजे, व्यापाऱ्यानं तोंडावर फेकावं असा यायला पाहिजे. एक कांडी म्हणजे काही बोटं कापड, मग दुसरी कांडी. अक्काताईचा धागा आतल्या टोकाला. मंगलचा आतल्या टोकाला. ह्या गुणाबाईचा, जिला मी जलमात बघितली न्हाय, तिचाबी आतल्या टोकाला, जिथं नेसल्यावर कुणाचीबी नजर जात न्हाय. म्हणजे ती कांडी कुणीतरी बाजूला काढून ठेवत होतं. नवं लुगडं सुरू व्हायची वाट बघत होतं. आणि मग पयल्यांदा तीच चालवत होतं, की चूक सगळी आत खोचली जावी.

आणि शंभरात ती एक कांडी ओळखायला, वरनं ती बाकीच्यांसारखी जांभळीच दिसत असताना, मी गाठ मारत होते तेव्हा माझ्याकडं बघत असायला पाहिजे माणूस. माझ्या हाताकडं. आणि हाताच्या वर, तोंड.

मला कधी एका शब्दानं बोलले न्हायत. बायको, कांडी बघून भर, एवढंसुद्धा न्हाय. म्हणले असते तर मी गोष्ट सोडून कांडी बघितली असती. का हे सगळं आत्ता मी रचतीया? का त्यांना नुसतं सूत वाया घालवायचं नव्हतं? चिक्कू माणूस होता तसा, चहातली साखर बी मोजायचा.

"काय झालं?" गुणाबाईनं विचारलं. "तुमचीच खूण हाय न्हवं?"

"आमच्या मालकांची," मी म्हणलं. तोंडातनं निघून गेलं.

तिनं समजून मान हलवली, रेघेवरनं एकदा अंगठा फिरवला आणि ते टोक परत कमरेला खोचून टाकलं.

परतीच्या बसमधी अक्काताई बसल्या बसल्या झोपली. मंजू माझ्या शेजारी खिडकीकडं. तिला कुणीतरी म्हणालं होतं, पुढच्या वर्सी परत ये. ते तिनं मला तीनदा सांगितलं. मग म्हणाली, "अक्काताईला तूच पाठवलं हुतंस न्हवं, आज्जी?"

"तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. ड्रायव्हरच्या आरशात दिसत हुतीस. नाकापतोर पदर घेऊन बसलेली एकटीच तू हुतीस बसमधी."

"आणि तरीबी लिवलंस?"

"मग? म्हातारी बसमधी लपून बसून नातीला गोष्ट धाडतीया. हे जगलेलं न्हाय व्हय?"

मला हसू आलं. एवढ्या वर्सांत मला कुणी असं पकडलं नव्हतं. पकडलं असंल तर सांगितलं नव्हतं.

घाट न्हाय, चढ न्हाय, पण बसचं इंजिन तापून एवढं ओरडत होतं की पुढचं बोलणं ऐकू येईना. मंजूनं माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, ती गुणाबाई तुला मागं नेऊन काय दाखवत होती, आता तरी खरं काय ते सांग. मी सांगायला तोंड उघडलं आणि काय खरं ते मला सापडेना. मागाची खोली डोळ्यापुढं आली. इकडं माझा चरखा. मधी माग. पलीकडं हे उभे, हसताना. आणि ते ज्या बाजूला बघून हसले होते ती बाजू. तिथं कुत्रं दिसायला खिडकी पाहिजे. त्या खोलीला त्या बाजूला खिडकी कधीच नव्हती. त्या बाजूला भिंत होती, आणि भिंतीला टेकून मी होते.

"सांग की," मंजूचे ओठ म्हणाले.

तिनं कागद पिशवीत घातले, मोबाईलबी घातला, आणि माझ्याकडं तोंड करून बसली. मी आवाज काढला न्हाय. म्हैशीपासनं सुरू केलं, नुसत्या ओठांनी, मोठं तोंड करून, आणि ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.